गोदाकाठाहून सागरतीरी

फेब्रुवारी-मार्चमध्ये धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडू लागले की आमच्या हवेचा गुण वेगळा सांगावा लागत नाही. ही हवा वाळवणारी आहे. मिरची वाळते, पापड-कुरडया दोन दिवसांत खडखडीत होतात, सकाळी दोरीवर टाकलेले सुती वस्त्र माळ जपून होईपर्यंत घडी घालण्याजोगे होते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढला तरी अंगावर घाम फारसा दिसत नाही, कारण तो येता येताच उडून जातो. मराठवाड्यातील माणूस उन्हाचा अंदाज या हवेत शिकलेला असतो, आणि समुद्रकिनारी सहलीला निघताना बॅग भरतो तीही याच अंदाजाने.

किनाऱ्यावर हा अंदाज चालत नाही. मे महिन्यात वेंगुर्ल्याचे किंवा मालवणचे तापमान पाहिले तर ३३-३४ अंश दिसते. धर्माबादहून पाहणाऱ्याला ते आठ-दहा अंशांनी थंड वाटते आणि घरातील वडीलधाऱ्यांना निर्धास्त न्यावे असे मनात येते. परंतु त्या आकड्याशेजारी हवेतील आर्द्रतेचा आकडाही वाचावा. तो बहुधा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. आपले शरीर थंड राहते ते घाम येण्याने नव्हे, घाम उडून जाण्याने. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम उडत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. शरीरातील पाणी आणि मीठ तेवढेच खर्च होते, गारवा मात्र मिळत नाही.

ही गोष्ट आपल्या कुटुंबांना अधिक लागू पडते, कारण आपल्याकडील अनेक ज्येष्ठ चौविहार करतात. सूर्यास्ताला पाणी सुटले की ते पुन्हा सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, नवकारसीला. मे महिन्यात कोकणात हा काळ सुमारे बारा तासांचा होतो. आमच्याकडे रात्र चढते तसा गच्चीवरचा उकाडा निवळू लागतो. समुद्रावर रात्रीचे तापमान २६-२७ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही आणि हवा ओलीच राहते. झोपेतही घाम येत असतो. दिवसभर वाळूत फिरून आलेली, घोटभर पाणी पिऊन पच्चक्खाण घेतलेली आजी पहाटे उठताना भोवळ येऊन बसली, तर दोष तिच्या नियमाचा नसतो. तो सहलीचा महिना निवडणाऱ्यांचा असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. अशी औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे.

माझे मत स्पष्ट आहे. सत्तरीपुढील चौविहारी व्यक्तीला मे महिन्यात समुद्रावर नेऊ नये. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला होते आणि त्यानंतर तपस्वींना ‘जरा हवापालट’ म्हणून किनाऱ्यावर नेण्याची हौस काही घरांत दिसते, तीही आवरावी. मुलांच्या शाळेची सुट्टी मे महिन्यात असते हे खरे. पण मुले दिवाळीच्या सुट्टीतही मोकळी असतात आणि नाताळातही.

मग जावे केव्हा? या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर असतात आणि गृहस्थही लांबचे प्रवास टाळतात. समुद्राचाही चातुर्मास जवळपास याच काळात असतो. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात थांबतात, जलक्रीडाही बंद होतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, त्यानंतर दर्या हळूहळू निवळू लागतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्या नांदेड जिल्ह्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्या पावसातला समुद्र दुरून पाहण्यासारखा असतो, जवळ जाण्यासारखा नसतो.

धर्माबादकरांपाशी आणखी एक कालदर्शक आहे. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलैला उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली आले, गोदावरीचे पाणी अडू लागले, की समजावे की देशावरचा पाऊस उरकला आणि समुद्राची वाटही मोकळी होत आली. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ, ज्येष्ठांसह जाण्यास सर्वांत उत्तम. आकाश स्वच्छ असते, दिवसा ऊन सोसवते, रात्री किनाऱ्यावर तापमान २० अंशांच्या आसपास येते आणि हवेतील ओलही कमी झालेली असते.

या काळातही एक सावधगिरी हवी. अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने दोन हंगामांत उठतात: पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ या वादळांनी कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. उन्हाळ्याच्या अखेरीचा अनुभव तर ताजा आहे: ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ संपूर्ण कोकणपट्टीला घासून गुजरातकडे गेले. हवामान खात्याचा इशारा चार-पाच दिवस आधी मिळतो. तो आल्यास आरक्षणाच्या पैशांकडे पाहू नये.

फेब्रुवारी-मार्च हे महिने चांगले, पण थोडे लहरी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो आणि किनारा थंड करतो, हा तिथला नित्यक्रम. काही दिवशी जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असतो, तो समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो, आणि मग रत्नागिरीसारख्या गावातही पारा एकाएकी ३८ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवशी दुपार खोलीत काढावी, एवढेच.

आता प्रवास. धर्माबादहून कोकणात थेट गाडी नाही. देवगिरी एक्स्प्रेसने मनमाडमार्गे मुंबई गाठावी आणि तेथून कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे; मालवण पुढे तीसेक किलोमीटर. दुसरी वाट रस्त्याची: नांदेड, लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मग घाट उतरून खाली, एकूण सातशे किलोमीटरच्या आसपास. ज्येष्ठ बरोबर असतील तर हा रस्ता एका दिवसात संपवण्याचा हट्ट नको. सांगली-कोल्हापूर टापूत कुंभोजजवळ बाहुबली हे क्षेत्र आहे. भगवान बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीचे दर्शन, निवास आणि वेळेवर शुद्ध भोजन अशी तिन्हींची सोय तेथे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रकाशात घाट उतरता येतो. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना दोन तासांत हवा बदलते. वर शाल लपेटलेली असते, खाली पोचेपर्यंत खिडक्या उघडाव्या लागतात.

या प्रवासात आपण पश्चिमेकडे बरेच सरकतो, आणि त्याचा एक परिणाम आपल्या भोजनाच्या वेळेवर होतो. डिसेंबरात धर्माबादला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो; मालवणला सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सायंभोजनासाठी वीस-बावीस मिनिटे जास्त मिळतात. मे महिन्यात हा फरक बारा-तेरा मिनिटांवर येतो. सकाळी मात्र सूर्य उशिरा उगवतो, म्हणून नवकारसीही पुढे जाते. घरच्या घड्याळाच्या सवयीने पच्चक्खाण पारणाऱ्यांनी त्या गावची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ निघण्यापूर्वीच वहीत उतरवून घ्यावी.

खरी अडचण निराळीच आहे. समुद्रकिनारी सारे जग सूर्यास्त पाहायला जमते आणि निवासाचे स्वयंपाकघर त्यानंतर, सात-साडेसातला, जेवण वाढू लागते. आपले जेवण त्याआधी आटोपलेले हवे. म्हणून खोली ठरवताना भाडे विचारण्याआधी हे विचारावे: सायंकाळी पाच वाजता ताजे, कांदा-लसूण आणि कंदमूळविरहित जेवण वेगळ्या भांड्यात मिळेल काय? मालवणी स्वयंपाकात वाटण हा जीव, आणि त्यात कांदा-लसूण बहुधा असतोच. सोलकढीतही लसूण घालतात. तिथला मुख्य आहार माशांचा, हे मनाशी धरूनच जावे. नाराजी घेऊन जाऊ नये. जे आपल्याला चालते तेही तिथे भरपूर आहे. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवलेले असते, म्हणून कित्येकांना ती चालत नाही; घावन मात्र तांदळाचे पीठ आयत्या वेळी कालवून घालतात. शिरवळ्या आणि नारळाचा गोड रस हा पदार्थ तर आपल्या घरांत आवर्जून शिकून घ्यावा असा आहे. कोकम सरबत घाम येणाऱ्या दिवसांत मीठ-साखर दोन्ही पुरवते.

तरीही शिदोरी लागतेच, आणि हवेचा फरक प्रथम जाणवतो तो तिथेच. खाकरा, पापड, चुरमुऱ्याचा चिवडा, शंकरपाळे हे सारे आमच्याकडे साध्या डब्यात आठ दिवस कुरकुरीत राहते. समुद्रावर डबा एकदा उघडला की संध्याकाळपर्यंत सादळते. एका मोठ्या डब्याऐवजी सहा-सात लहान, घट्ट झाकणाचे डबे न्यावेत आणि रोज एकच उघडावा. सुखडी चांगली टिकते. ओलसर थेपले प्रवासाच्या पहिल्या दिवसापुरतेच करावेत. दमट हवेत त्यांना बुरशी लवकर धरते, आणि बुरशी आल्यावर ती आपल्याला कोणत्याच दृष्टीने भक्ष्य नाही. पाणी उकळण्यासाठी विजेची किटली, गाळण्यासाठी दोन गळणी (एक ओले राहते, दुसरे लागते) आणि स्टीलची झाकणाची तपेली एवढे घेतले की पाण्याची चिंता मिटते.

कपड्यांविषयी उलटी चूक होते. आपण थोडे कपडे घेतो, कारण रोज धुऊन वाळवण्याची सवय. किनाऱ्यावर रात्री धुतलेला जाड टॉवेल सकाळी तसाच ओला मिळतो. जाडजूड टॉवेलऐवजी पातळ पंचे न्यावेत, आणि रोजच्या हिशेबाहून दोन जोड जास्त. मलमल किंवा पातळ सुती, सैल, फिकट रंगाचे कपडे उत्तम. स्त्रियांनी रेशमी साड्या घरीच ठेवाव्यात. खाऱ्या हवेने जर काळवंडते. हिवाळ्यात जाताना आपण धर्माबादच्या थंडीकडे पाहून स्वेटर, कानटोप्या, गोधड्या भरतो. त्या साऱ्याऐवजी माणशी एक शाल पुरे: रेल्वेतील रात्रीसाठी, घाटातील पहाटेसाठी. वाचलेल्या जागेत आठ हात दोरी आणि कपड्यांचे चिमटे ठेवावेत. खोलीच्या पुढच्या पडवीत वारा असतो, पण बांधायला काही नसते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर सावली थोडी आणि वारा फार, तेव्हा बंद असलेली टोपी हवी. छत्री तिथे उलटते. (चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात ही बावखले पाहण्यासाठी तरी उन्हात चालावे.)

चामड्याची पादत्राणे आपल्याकडे बहुतेक घरांत नसतातच. समुद्रावर ती टिकतही नाहीत. पट्टा असलेली रबरी चप्पल घ्यावी, कारण दुपारची वाळू धर्माबादच्या फरशीइतकीच पोळते. चाकांच्या बॅगा वाळूत रुततात आणि नंतर चाके कुरकुरतात, तेव्हा खांद्यावरची पिशवी बरी. भ्रमणध्वनीसाठी प्लास्टिकची पिशवी, डासांसाठी मलम, रोजच्या औषधांचा दोन दिवस अधिकचा साठा, आणि जलसंजीवनीची पाकिटे, दर माणशी किमान चार. ती सूर्यास्तानंतर उपयोगाची नाहीत. दुपारी चारला एक पेला करून प्यायला लावावे, तहान लागण्याची वाट न पाहता. पावसाळ्यात जाणाऱ्याने प्रत्येक कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत भरावा. तेवढे सांगून मी तो ऋतू सोडून देतो.

बॅगेत एक वस्तू मात्र कोणी सांगत नाही: तिथी दाखवणारी दिनदर्शिका. आपण गोदाकाठचे लोक. बासरच्या घाटावर आपण लहानपणापासून स्नान केलेले असते, म्हणून पाण्याची भीती वाटत नाही. पण नदी एकाच दिशेने वाहते. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा मागे जातो, आणि मागे जाताना पायाखालची वाळूही ओढतो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. किनाऱ्यापासून दूर, देशावर राहणाऱ्या घरांतील तरुणांवर असे प्रसंग पुनःपुन्हा आले आहेत.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाच्या पुढे भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्दशीला साडेदहा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचे. गावागणिक यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून शेवटचा शब्द स्थानिक नावाड्याचा किंवा जीवरक्षकाचा. आपल्या घरांत अष्टमी-चतुर्दशी कोणत्या दिवशी आहे हे लहान मुलासही ठाऊक असते, तेव्हा हे गणित आपल्याला इतरांहून सोपे जावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती-ओहोटी सर्वांत मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सर्वांत लहान, ती भांग. उधाणाच्या दिवसांत दुपारी पाणी दूरवर हटते, किनारा रुंद आणि निवांत दिसतो, आणि मुले नेमकी तेव्हाच आत धावतात. त्या वेळी पाण्याची ओढ समुद्राकडे असते.

मुलांना नेण्यापूर्वी घरीच तीन गोष्टी सांगाव्यात. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. खडकांजवळ आणि खाडीच्या मुखाशी मुळीच उतरायचे नाही. तारकर्लीपुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथले पाणी शांत दिसले तरी आतून धावते. आणि ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, किनाऱ्याला समांतर हातपाय मारावेत. ओढीचा पट्टा अरुंद असतो. शंख-शिंपले गोळा करण्याचा मोहही आवरावा. रिकाम्या वाटणाऱ्या शंखात पुष्कळदा खेकड्याचे बिऱ्हाड असते, आणि खोलीत आणून ठेवलेला तो शंख रात्री टेबलावरून चालू लागला की मुलांना कळते आपण काय उचलून आणले.

ज्येष्ठांसाठी दिवसाचा क्रम असा ठेवावा: नवकारसीनंतर नऊ-साडेनऊपर्यंत किनाऱ्यावर फेरी, अकरा ते चार खोलीत, पाचला जेवण, पोटभर पाणी आणि मग वाळूवर खुर्ची टाकून सूर्यास्त. सामायिक करण्यास बसणाऱ्यांना खोलीपेक्षा पडवी बरी. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मंद वारा तिथे लागतो. परत निघण्याच्या दिवशी सारे कपडे, चपला आणि पिशव्या गोड्या पाण्यातून काढाव्यात, नाहीतर साखळ्या आणि बकला महिन्याभरात गंजतात.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा आठवडा हवा असेल तर पर्युषण आणि दशलक्षण पर्व आटोपताच, क्षमापनेचे दूरध्वनी चालू असतानाच, मालवणच्या एखाद्या घरगुती निवासालाही एक दूरध्वनी करावा, आणि पहिला प्रश्न पाच वाजताच्या जेवणाचा विचारावा.